चवथीला मशीन कोण चालवणार? प्रॉडक्शन प्लॅनिंगला नव्याने आलेल्यांसाठी

प्लॅनिंगच्या खुर्चीत माझा तो दुसराच महिना. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतला मध्यम आकाराचा कारखाना, औषध कंपन्यांना झाकणं आणि डब्या पुरवणारा. मोल्डिंगची, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात (मोल्डमध्ये) दाबून माल काढणारी, सहा मशीन. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्याचा प्लॅन मी एक्सेलमध्ये असा ठाकठीक बसवला की सहाही मशीन ९५ टक्क्यांच्या वर भरलेली. साहेबांनी पाठ थोपटली. चवथीच्या आदल्या दिवशी सावंतवाडी-कुडाळकडची पोरं गावी गेली, ते धरलेलंच होतं. जे धरलं नव्हतं ते असं, की चार नंबरच्या मशीनवर मोल्ड चढवता येणारा एकुलता एक सेटर सत्तरी तालुक्यातला, आणि त्याच्या घरी पाच दिवसांचा गणपती. वीज होती, दाणा (प्लास्टिकचा कच्चा माल) होता, ऑपरेटर हजर होता. मोल्ड बदलणारा तेवढा नव्हता. ते मशीन तीन दिवस उभं राहिलं आणि त्याच्या मालासाठी पुढचं पॅकिंगही.

कारखान्यात कमी काहीच नव्हतं. जे होतं ते एकेका कामाच्या दावणीला बांधलेलं होतं. मी डिचोलीचा, मला हे आधी कळायला हवं होतं. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या भागात दारोदारी टिपर उभे राहिले. गाड्या चांगल्या होत्या, पण खनिज वाहण्यापलीकडे त्यांना दुसरं काम सहज मिळेना. ज्यांच्याकडे साधा मालवाहू ट्रक होता ते वाळू, चिरे, भाजी, काहीही भरून रस्त्यावर राहिले. एकच काम करणारं साधन त्या कामात बहुतेक वेळा स्वस्त आणि वेगवान असतं. ते काम थांबलं की त्याच्या वेगाचं करायचं काय? मशीनला किंवा माणसाला गरजेला दुसरं काम करता येणं, यालाच मी पुढे लवचिकता म्हणतो.

पुढच्या पायऱ्या मी ठेचा खात शिकलो. तुमचा कारखाना मोल्डिंगचा नसेल तर शब्द बदला, रीत तीच.

१. आधी हे कागद गोळा करा

- गेल्या १२ महिन्यांच्या ऑर्डरी, मालानुसार आणि आठवड्यानुसार
- कुठला माल कुठल्या मशीनवर काढायला ग्राहकाची मंजुरी आहे, ती यादी
- मोल्ड कार्ड आणि मशीनची मापं
- हजेरीपट, निदान वर्षभराचा, खाड्यांसकट
- मोल्ड बदलायला प्रत्यक्ष लागलेला वेळ (बहुतेक ठिकाणी ही नोंद नसते, मोबाइलमधलं स्टॉपवॉच घेऊन दोन आठवडे स्वतः उभे राहा)
- सणांचं कॅलेंडर, त्याबद्दल पुढे

सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेल आणि भिंतीवरचा पांढरा फळा पुरतो. कंपनीत महागडी ईआरपी (सगळ्या खात्यांचा हिशेब एकत्र ठेवणारी प्रणाली) असली तरी तिच्यातल्या मास्टर डेटावर, म्हणजे सुरुवातीला भरून ठेवलेल्या आकड्यांवर, डोळे झाकून विसंबू नका. त्यात मोल्ड बदलायला ३० मिनिटं लिहिलेली असतात, कारण बसवताना कोणीतरी ३० टाकली आणि ती तशीच राहिली.

२. कुठलं काम कुठे चालतं, याचा तक्ता

आडव्या ओळीत मशीन, उभ्या रकान्यात माल. प्रत्येक चौकोनात तीनपैकी एक खूण करा: ‘चालतं’, ‘चालेल, पण मंजुरी नाही’ किंवा ‘चालणार नाही’.

‘चालणार नाही’ ऐकलं की का ते विचारा. मोल्ड मशीनच्या दोन टाय-बारमध्ये (दांड्यांमध्ये) मावत नसेल, क्लॅम्पिंगचं टनेज (मोल्ड मिटवून धरायची ताकद) किंवा शॉटचं वजन (एका वेळी मोल्डमध्ये जाणारं प्लास्टिक) कमी पडत असेल तर विषय संपला. पण पुष्कळदा कारण फडतूस असतं. आमच्याकडे एक मोल्ड वर्षानुवर्षं एकाच मशीनवर चालायचा, कारण दुसऱ्या मशीनच्या प्लेटनवरचं (मोल्ड जिच्यावर बसतो त्या पाटीवरचं) भोक त्याच्या लोकेटिंग रिंगपेक्षा (मोल्ड मधोमध बसवणाऱ्या कडीपेक्षा) मोठं होतं. टूलरूमने एक रिंग कातून दिली आणि मोल्ड बसला. आम्ही मात्र तोवर नव्या मशीनचं कोटेशन मागवून बसलो होतो.

मधल्या खुणेकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. औषध कंपन्यांना माल देत असाल तर मशीन बदलणं हा तुमचा घरगुती निर्णय नसतो. ट्रायल, नमुने, मापांचा अहवाल, ग्राहकाच्या क्वालिटी विभागाची सही, एवढं सगळं लागतं आणि त्यात आठवडे जातात. मशीन बंद पडल्यावर मंजुरी मागायला गेलात तर ती लवचिकता निव्वळ कागदावरची. हंगाम सुस्त असताना ट्रायल उरकून ठेवा.

मशीनच्या आजूबाजूची साधनंही तक्त्यात घ्या: क्रेन, मोल्ड थंड ठेवणारा चिलर, ड्रायर. गोव्याच्या पावसाळ्यात हे फार जाणवतं. नायलॉन आणि पॉलिकार्बोनेटचा दाणा हवेतली ओल पितो, नीट सुकवला नाही तर मालावर चंदेरी चट्टे उठतात. पॉलिप्रोपिलीनला हा त्रास जवळपास नाही. म्हणजे जुलैमध्ये नायलॉनचं काम दोन मशीनवर चालत असलं तरी ड्रायर एकच असेल, तर खरं साधन एकच. आम्ही पुढे चाकांवरचा ड्रायर घेतला. गरज पडेल त्या मशीनला तो नेऊन लावतो. माझ्या मते कारखान्यातली ती सगळ्यात शहाणी खरेदी.

३. माणसांचा तक्ता

डावीकडे नावं, वर कामं. खूण करताना ‘येतं’ एवढ्यावर थांबू नका. शिकतोय, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो, अशा चार पायऱ्या ठेवा. भरलेला तक्ता शिफ्टच्या सुपरवायझरसमोर ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: रात्री दोन वाजता हे काम त्याच्यावर सोडून तुम्ही चहाला जाल का? अर्ध्या खुणा तिथेच पुसल्या जातात.

मग प्रत्येक उभ्या रकान्यात ‘एकटा करतो’वाले किती ते मोजा. जिथे आकडा एक आहे तिथे लाल रंग. माझ्या पहिल्या तक्त्यात असे चार लाल रकाने निघाले आणि त्यातल्या तिघांत नाव एकाच माणसाचं, सत्तरीच्या त्या सेटरचं.

शिकवून सोडून दिलेलं काम हात विसरतो. जून महिन्यात ट्रेनिंग झालं, फोटो निघाले, रजिस्टरवर सह्या झाल्या. डिसेंबरात वेळ आली तेव्हा पोराला मोल्डच्या पाण्याच्या नळ्या कशा जोडायच्या ते आठवेना. दुसरं काम महिन्यातून निदान एक पूर्ण शिफ्ट करायला लावा. त्या शिफ्टला उत्पादन थोडं घटेल, ते प्लॅनमध्ये आधीच धरा.

४. चढउतार एकत्र येतात की वेगवेगळे, ते पाहा

ही पायरी बहुतेकजण गाळतात, आणि सगळी किंमत इथेच ठरते.

समजा, एक मशीन फक्त झाकणं काढतं, दुसरं फक्त डब्या. प्रत्येकाची क्षमता दिवसाला १०० खोकी. दोन्ही मालांची मागणी कधी ६०, कधी १००, कधी १४०. तिन्हींची शक्यता सारखी आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. नऊ जोड्या होतात. जमेल तेवढा माल काढला तर दिवसाला सरासरी १७३ खोकी जातात. दोन्ही मशीन दोन्ही माल काढू लागली तर १८२. एकच मशीन दोन्हीकडचं झालं तर १७८ च्या आसपास. नवं मशीन न घेता नऊ खोकी वाढली आणि त्यातला अर्धा फायदा निम्म्या कामात मिळाला.

आता अट बदला. दोन्ही मागण्या एकदमच चढतात नि एकदमच उतरतात असं धरा. पुन्हा गणित करा: लवचिकता नसताना १७३, पूर्ण असताना १७३. फायदा शून्य! दोघंही एकाच वेळी बुडत असतील तर कोण कोणाला हात देणार?

म्हणून ऑर्डरींचा आलेख काढा आणि ज्या मालांची चढती वेगवेगळ्या महिन्यांत येते त्यांना एकमेकांच्या मशीनवर मंजुरी मिळवा. एकाच ग्राहकाचे दोन माल सहसा एकत्रच चढतात. त्यांची जोडी लावण्यात दम नाही.

माणसांचं हेच गणित, आणि गोव्यात ते आपल्या बाजूने आहे. चवथीला हिंदू कामगार घरी. नाताळला आणि जुन्या गोव्याच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताला ख्रिस्ती कामगार घरी. बिहारकडच्यांची गर्दी छटपूजेला आणि होळीला. डिचोली तालुक्यातल्यांना शिरगावची लईराईची जत्रा चुकवून चालत नाही, ती वैशाखात. कोकणातले लोक गणपतीला जातात, पण दीड दिवसाचा, पाच दिवसांचा की सात दिवसांचा हे घराघरावर आहे. ते ऑगस्ट लागण्याआधी विचारून ठेवा. सही घेऊन नको, चहा पिता पिता. सासष्टी तालुक्यातल्या आमच्या एका ख्रिस्ती ऑपरेटरने स्वतःहून सांगितलं होतं, “चवथ तुमची, नाताळ आमचा. मला ते सेटिंग शिकवा, चवथीला मी उभा राहतो.” मी तेव्हा त्याला “बघू” म्हणालो होतो. ते ‘बघू’ तीन दिवसांना पडलं.

एका खात्यात सगळे एकाच गावचे असतील तर तिथला लाल रंग आणखी गडद समजा. त्यांचे खाडे एकाच दिवशी पडणार.

५. मोल्ड बदलण्याचा वेळ वजा करा

वरच्या हिशेबात एक लबाडी आहे. नऊ जोड्यांपैकी फायदा दोनच जोड्यांत होतो: एकाची मागणी ६० आणि दुसऱ्याची १४०. त्या दिवशी ४० खोकी जास्त निघतात. पण मशीन दुसऱ्या मालावर न्यायचं तर मोल्ड उतरवा, चढवा, रंग धुऊन काढा, पहिले नग तपासा; आणि दुसऱ्या दिवसासाठी परत उलटं. एका बदलाला दोन तास धरा, जाऊन-येऊन चार. मशीन दिवसाला २२ तास चालत असेल तर चार तास म्हणजे १८ खोकी. ४० चा फायदा २२ वर आला. बदल तासाभरात झाला तर तोच ३१.

महिन्याच्या २५ दिवसांत असे दिवस साधारण साडेपाच. २२ खोक्यांनी १२० च्या आसपास. खोक्यामागे कच्चा माल वजा जाता ३०० रुपये सुटतात असं समजलं तर महिन्याला ३६ हजार. आता त्यासमोर ट्रायलचा खर्च, रिंग, शिकवण्याचे तास मांडा. साहेबांकडे जाताना हाच कागद न्या. ‘लवचिकता चांगली असते’ यावर कोणी पैसे देत नाही.

बदलाचा वेळ कमी करायची रीत जुनी आहे. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १००० टनी प्रेसचा चार तासांचा बदल आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला, असं ते सांगत. आपल्याला तीन मिनिटं नकोत. मशीन चालू असतानाच उरकता येतील ती कामं आधी उरका: पुढचा मोल्ड ट्रॉलीवर आणून ठेवणं, त्याला आधीच तापवणं, पाने एका पेटीत, दाणा सुकवलेला. आमच्याकडे दोन तासांतली चाळीस मिनिटं पाना शोधण्यात आणि क्रेन मोकळी होण्याची वाट पाहण्यात जायची. रंगांचा क्रमही लावा: पांढऱ्यावरून पिवळा, पिवळ्यावरून निळा, शेवटी काळा. काळ्यावरून पांढऱ्यावर येणं म्हणजे दाण्याची नासाडी आणि क्वालिटीवाल्या बाईंशी भांडण.

६. सगळं सगळीकडे करू नका, साखळी करा

तक्ते पाहून हुरूप येतो आणि वाटतं, पाचही माल पाचही मशीनवर (सहाव्याबद्दल पुढे) मंजूर करून टाकू. त्या २५ मंजुऱ्या झाल्या. गरज नाही. विल्यम जॉर्डन आणि स्टीफन ग्रेव्हज यांनी मोटारींच्या कारखान्यांच्या संदर्भात १९९५ साली दाखवून दिलं, की प्रत्येक कारखान्याला आपला माल आणि शेजारच्याचा एक माल एवढंच येत असेल आणि ही शेजारं गोल साखळीत जुळली असतील, तर पूर्ण लवचिकतेचा जवळजवळ सगळा फायदा हाती लागतो. आपल्या पाचांच्या बाबतीत म्हणजे दहा मंजुऱ्या.

साखळी बंद असणं महत्त्वाचं. पहिलं मशीन दुसऱ्याचं काम करतं, दुसरं तिसऱ्याचं, असं करत पाचवं पहिल्याचं. मग पहिल्यावरचा भार थेट नाही तरी सरकत सरकत चौथ्यापर्यंत पोचतो. दोन-दोनच्या सुट्या जोड्या लावल्या तर भार जोडीतच कोंडतो. आमच्याकडे साखळी पुरी झाली नाही. सहावं मशीन फार लहान, त्यावर दुसरं काही बसत नाही. पाचांची केली, सहाव्यासाठी तयार मालाचा थोडा साठा ठेवतो. साठा हाही एक उपाय आहे, त्याची लाज वाटून घेऊ नका.

माणसांनाही हीच साखळी लावा. प्रत्येकाला सगळं शिकवायला गेलात तर कोणालाच काही नीट येत नाही.

७. प्लॅन भरताना लवचिक साधन शेवटी भरा

नव्या माणसाची हमखास चूक: जे मशीन सगळं करतं त्यालाच आधी काम देणं, कारण तिथे विचार करावा लागत नाही. बुधवारपर्यंत ते गच्च भरतं आणि गुरुवारी तातडीची ऑर्डर आली की मोकळं असतं ते एकच काम येणारं मशीन.

उलट करा. आधी एकाच कामाची मशीन भरा, मग दोन कामांची, शेवटी सगळ्यात लवचिक. त्यात मुद्दाम मोकळी जागा ठेवा. किती, याला एक आधार आहे. कामं अनियमित येत असतील तर रांगेचं साधं गणित सांगतं की साधन ८० टक्के भरलं असताना नवं काम सरासरी चार कामांच्या वेळाइतकं थांबतं, ९० टक्क्यांवर नऊ, ९५ टक्क्यांवर एकोणीस. खरा कारखाना या गणिताइतका बेशिस्त नसतो, पण वळण हेच. माझ्या ९५ टक्क्यांच्या शाबासकीचा अर्थ मला हे वाचल्यावर कळला.

मोकळी जागा दिसली की वरून विचारणा होते: हे मशीन रिकामं का? उत्तर तयार ठेवा. गेल्या तीन महिन्यांत त्या जागेत कुठल्या तातडीच्या ऑर्डरी बसल्या, त्याची यादी फळ्याशेजारी चिकटवा. माझं भांडण त्या कागदाने मिटवलं.

८. ज्याला सगळं येतं त्याला जपा

चवथीनंतर सत्तरीचा सेटर परत आला तेव्हा मी जरा घुश्शातच होतो. तो म्हणाला, “सायबा, सगळं मलाच येतं म्हणून सगळी बोंब माझ्याच नावाने. येत नाही त्याला सुट्टी मिळते, मला फोन.” यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

बहुकौशल्याचा भत्ता छोटा का असेना, पण लेखी आणि दरमहा ठेवा. प्रसंगी शाबासकी म्हणून दिलेले पाचशे रुपये लोक विसरतात, पगाराच्या चिठ्ठीवरचे नाही. आणि त्याच्या हाताखाली शिकणारा एक पायरी चढला की शिकवणाऱ्यालाही काही द्या, नाहीतर शिकवणारा हात राखून शिकवतो.

ओव्हरटाइम हीसुद्धा लवचिकताच, पण महागडी. आठवड्याचे ४८ तास ओलांडले की जादा तासांना दुप्पट दर. एखाद्या आठवड्यापुरतं ठीक. दर आठवड्याला तेच होत असेल तर ती लवचिकता नाही, तिथे माणूसच कमी आहे. कंत्राटी माणूस आणून मशीनवर उभा करण्याआधी एचआरला विचारा. कुठल्या कामाला चालतो, कुठल्या नाही, याचे नियम आहेत आणि ते प्लॅनरला माहीत असतातच असं नाही. बाहेरून काम करून घेणार असाल तर त्या गाळ्यालाही मंजुरी लागते, पायरी दोनप्रमाणेच.

९. चवथीचा फळा

आता आमचा फळा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लागतो. त्यावर तीन रकाने: कोण कधीपासून कधीपर्यंत नाही, त्याचं काम कोण करणार, आणि त्या माणसाने ते काम शेवटचं कधी केलं. तिसऱ्या रकान्यात महिन्याच्या वरची तारीख दिसली की त्याला त्याच आठवड्यात एक शिफ्ट त्या कामावर. नायलॉनचा माल चवथीआधी काढून टाकतो, त्या दिवसांत पाऊस असतोच आणि ड्रायर सांभाळणाराही सुट्टीवर असतो. बेळगावहून येणारा दाणा आठवडाभर आधी मागवतो, चोर्ला घाटात एखादी दरड आली की गाडी कधी पोचेल ते कोणी सांगू शकत नाही. मोठे मोल्ड बदल त्या आठवड्यात शक्यतो ठेवतच नाही.

चार नंबरवर आता सासष्टीचा तो ऑपरेटर सेटिंग करतो. सत्तरीच्या सेटरचा फोन चवथीचे पाच दिवस मी माझ्या यादीतून काढून ठेवतो, म्हणजे हात सवयीने तिकडे जात नाही.